छडी कुणाच्या हातात? १९११ सालचा ब्रिटनमधील शाळकरी मुलांचा संप

#धागा #इतिहास

१.
५ सप्टेंबर १९११. दक्षिण वेल्समधील लानेल्ली हे कारखान्यांचे शहर. कथलाचा मुलामा दिलेला पत्रा तेथे इतक्या प्रमाणावर तयार होई की लोक त्या शहराला 'टिनोपोलिस' म्हणत. त्या दिवशी तेथील बिगिन शाळेत एका मुलाने वर्गात एक कागद फिरवला. सोबत्यांनी संप करावा, असे आवाहन त्यात होते. उपमुख्याध्यापकांनी त्या मुलाला शिक्षा केली. त्यावर त्याचे सोबती वर्ग सोडून रस्त्यावर उतरले. पुस्तकांतील धडा अर्धाच राहिला आणि ब्रिटिश इतिहासातील एका विलक्षण प्रकरणाला सुरुवात झाली.

२.
पुढच्या काही दिवसांत ही ठिणगी देशभर पसरली. लिव्हरपूल, मँचेस्टर, हल, संडरलंड, हार्टलपूल, पूर्व लंडनच्या वस्त्या, उत्तरेला ग्लासगो आणि डंडी. साठहून अधिक शहरांत शाळकरी मुलांनी वर्गावर बहिष्कार घातला. या मुलांची ना मध्यवर्ती समिती होती, ना निधी, ना पुढारी. एका शहरातील बातमी वर्तमानपत्रातून दुसऱ्या शहरात जाई आणि तेथील मुले मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर जमत. बहुतेक ठिकाणी संप एक-दोन दिवसच टिकला. तरीही सप्टेंबर संपण्याआधी ब्रिटनमधील शिक्षक, दंडाधिकारी आणि संपादक या सर्वांना त्याची दखल घ्यावी लागली.

३.
मुलांच्या मागण्या काय होत्या? लिव्हरपूलच्या मुलांनी तीन गोष्टी मागितल्या: छडी बंद करावी, आठवड्यातून आणखी अर्धा दिवस सुट्टी द्यावी आणि मॉनिटर म्हणून काम करणाऱ्या मुलांना आठवड्याला एक पेनी मोबदला द्यावा. इतरत्र शाळेचे तास कमी करणे, गृहपाठ बंद करणे अशा मागण्या पुढे आल्या. शहर बदलले की यादी बदले, पण छडीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत राहिला.

यातील पेनीची मागणी आज गमतीची वाटते. तिच्यामागील विचार मात्र सरळ होता. मॉनिटर हा मास्तरांचे काम करणारा मुलगा. काम केले तर दाम मिळाला पाहिजे, हे कामगाराच्या घरात वाढलेल्या मुलाला कुणी शिकवावे लागत नव्हते.

४.
त्या काळच्या अनेक लेखकांनी या घटनेची वासलात दोन शब्दांत लावली: हुल्लडबाजी आणि नक्कल. बापाने संप केला म्हणून पोराने केला; दोन फटके द्या, म्हणजे ताळ्यावर येईल.

नक्कल होतीच, यात शंका नाही. पण माणूस ज्याची नक्कल करतो, त्यातून त्याने जग कसे वाचले आहे हेही कळते. या मुलांनी शाळा, पोलीस, न्यायालय आणि घर या चार ठिकाणी सत्तेचा हात पाहिला होता. त्या हाताविषयी त्यांच्या वस्तीत काय बोलले जाई, हे समजून घेतल्याशिवाय १९११ चा संप समजत नाही.

५.
प्रथम लानेल्लीकडे परत जाऊ. मुलांच्या संपाच्या अवघ्या अडीच आठवड्यांपूर्वी, १९ ऑगस्ट १९११ रोजी, याच शहरात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या होत्या. देशभर रेल्वे कामगारांचा संप चालू होता. लानेल्लीत संपकऱ्यांनी एक गाडी अडवली आणि इंजिनातील आग विझवली. पाठोपाठ वूस्टरशायर रेजिमेंटचे सैनिक आले. त्यांच्या गोळ्यांनी जॉन जॉन आणि लेनर्ड वर्सेल हे दोन तरुण ठार झाले. त्यानंतरच्या दंगलीत मालगाडीच्या एका डब्यात स्फोट होऊन आणखी माणसे दगावली. बिगिन शाळेतील मुले उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्गात बसली, ती ही दृश्ये आणि त्यावरच्या घरोघरच्या चर्चा मनात घेऊनच.

६.
लिव्हरपूलची कथाही अशीच होती. तेथे गोदी कामगार, खलाशी, गाडीवान आणि रेल्वेचे कामगार एकत्र आले होते. १३ ऑगस्ट रोजी सेंट जॉर्जेस हॉलसमोरच्या प्रचंड सभेवर पोलिसांनी लाठीहल्ला केला. तो दिवस शहराच्या स्मरणात 'रक्तरंजित रविवार' म्हणून राहिला. दोन दिवसांनी सैनिकांच्या गोळीबारात दोन माणसे मारली गेली. मर्सी नदीत युद्धनौका आणून उभी केली गेली.

सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलची मुले रस्त्यावर आली, तेव्हा जखमी बाप, काका आणि शेजारी अजून घराघरांत होते.

७.
आता शाळेकडे पाहू. १८७० च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये प्राथमिक शाळांचे जाळे उभे करण्याची सोय केली. १८८० पासून दहा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे झाले. १८९१ च्या कायद्यामुळे बहुतेक शाळांतील फी गेली. वयाची अट १८९३ साली अकरा आणि १८९९ साली बारा झाली.

कागदावर ही प्रगतीच होती आणि प्रत्यक्षातही तिने लाखो मुलांना अक्षर दिले. पण गरीब घराच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ होता. सरकार प्रथमच प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर येऊन, मूल दिवसा कुठे असावे हे सांगू लागले होते.

८.
उंबरठ्यावर येणारा तो माणूस म्हणजे हजेरी अधिकारी. वस्तीत त्याला 'स्कूल बोर्डाचा माणूस' म्हणत. १९०२ साली स्कूल बोर्डे बरखास्त झाली, तरी हे नाव लोकांच्या तोंडून गेले नाही. मूल शाळेत का आले नाही, हे तो दारात उभा राहून विचारी. उत्तर पटले नाही तर बापाला दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागे आणि दंड होई.

गैरहजेरीची कारणे बहुधा साधी असत. पायात बूट नाहीत. आई बाळंत झाली आहे. धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. मोठ्या मुलाला दोन दिवसांचे काम मिळाले आहे आणि त्या पैशांवर आठवड्याचे भाडे अवलंबून आहे. अशा घरात दंडाची रक्कम म्हणजे चुलीवरच्या भांड्यातून काढलेला घास होता. शिक्षणाची आच असलेल्या आईबापांनाही या माणसाची भीती वाटे.

९.
कायद्यातच एक मोठी विसंगती होती. लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांत बारा वर्षांचे मूल 'अर्धवेळ' काम करू शकत असे. एका आठवड्यात पहाटे सहापासून दुपारपर्यंत गिरणी आणि मग शाळा. पुढच्या आठवड्यात आधी शाळा आणि मग गिरणी. पहाटेपासून यंत्रासमोर उभे राहिलेले मूल दुपारी बाकावर डुलक्या घेई आणि डुलकीबद्दल मार खाई. गिरणीत त्याला मजुरी मिळे, तेथे ते जवळजवळ मोठे माणूस असे. दोन तासांनी वर्गात त्याला हात पुढे करून उभे राहावे लागे. ही पद्धत बंद करणारा कायदा १९१८ साली झाला.

अशीच व्यवस्था मुंबईतही होती. १८९१ च्या भारतीय कारखाना कायद्याने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना दिवसाला सात तास कामाची मुभा दिली होती. गिरणी आणि बालपण यांचा हा हिशेब मँचेस्टरपुरता मर्यादित नव्हता.

१०.
मुलींचे काय? १९११ च्या संपात प्रामुख्याने मुलगेच दिसतात. याचा अर्थ मुली निमूट होत्या, असा काढणे घाईचे ठरेल. कपडे धुण्याच्या दिवशी, आई आजारी पडल्यावर किंवा नवे बाळ आल्यावर घरी ठेवली जाई ती थोरली मुलगी. हजेरी अधिकारीही तिच्या गैरहजेरीकडे अनेकदा काणाडोळा करत, कारण घरकाम हे मुलीचे शिक्षणच आहे, असे त्यांनाही वाटे. मुलग्याची गैरहजेरी गुन्हा ठरे, मुलीची गैरहजेरी कर्तव्य ठरे. शिस्तीचा फास दोघांवर होता, फक्त त्याची गाठ वेगळ्या ठिकाणी होती.

११.
वर्गातील छडी समजण्यासाठी वर्ग डोळ्यांसमोर आणावा लागेल. एका शिक्षकासमोर साठ-साठ मुले बसत. त्यांपैकी काही उपाशी, काही अर्धवेळ मजूर. १८६२ पासून तीन दशकांहून अधिक काळ शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर ठरे. ती पद्धत शतक संपताना गेली, पण तिने घडवलेली घोकंपट्टी आणि धास्ती एका दिवसात गेली नाही. उशीर झाला, वहीवर शाईचा डाग पडला, उत्तर चुकले, डाव्या हाताने लिहिले, शेजाऱ्याशी बोलले, यांपैकी कशासाठीही छडी बसू शकत होती.

वेल्समध्ये याहून जुनी एक आठवण होती. एकोणिसाव्या शतकात तेथील अनेक शाळांत मातृभाषेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवला जाई. लानेल्लीतील वडीलधाऱ्यांना ती कथा सांगायला पुस्तकाची गरज नव्हती.

१२.
शाळा सुटली की रस्ता. एका-दोन खोल्यांच्या घरात सात-आठ माणसे राहत असताना मुलांचे अंगण म्हणजे रस्ताच होता. या रस्त्याचा धनी मात्र पोलीस शिपाई होता.

लंडनमध्ये नियमित पोलीस दल १८२९ साली उभे राहिले. १८५६ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्सच्या प्रत्येक परगण्यात व शहरात ते बंधनकारक झाले. १८३९ च्या लंडन पोलीस कायद्यातील गुन्ह्यांची यादी वाचण्यासारखी आहे. रहिवाशांना त्रास होईल असा पतंग उडवणे किंवा खेळ खेळणे, बर्फावर घसरगुंडी करणे, विनाकारण दारावरची घंटा वाजवणे, या सर्व गोष्टी त्यात गुन्हा ठरतात. बागा आणि मैदाने असलेल्या घरांतील मुलांना हा कायदा कधी भेटला नाही. गल्लीतील मुलांना तो रोज भेटे.

१३.
म्हणून पोलिसाशी गल्लीचे नाते लहानपणीच ठरून जाई. चिंध्यांचा चेंडू करून फुटबॉल चाले, तेव्हा कोपऱ्यावर एक मूल पहाऱ्यावर असे. नाणी उडवून जुगार खेळणाऱ्या मोठ्या माणसांसाठीही हीच मुले पहारा देत. शिपाई दिसला की शीळ घुमे आणि क्षणात गल्ली रिकामी होई. हाती सापडलेल्याला न्यायालयात नेण्याचा खटाटोप शिपाई दर वेळी करत नसे. हातमोज्याचा किंवा गुंडाळलेल्या झग्याचा एक तडाखा कानाखाली बसे आणि प्रकरण मिटे.

सॅलफर्डच्या झोपडपट्टीत वाढलेल्या रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी 'द क्लासिक स्लम' या १९७१ च्या पुस्तकात या नात्याविषयी स्पष्टपणे लिहिले आहे. पोलीस हा गरिबांचा मित्र आणि मदतनीस होता, ही गोड कल्पना त्यांनी फेटाळली. त्यांच्या वस्तीने त्याच्याकडे भीतीने आणि नावडीने पाहिले होते.

१४.
प्रकरण न्यायालयात गेलेच तर काय होई? १८७९ च्या कायद्यानुसार दंडाधिकारी लहान मुलाला फटक्यांची शिक्षा देऊ शकत. साधन म्हणजे बर्चच्या फांद्यांची जुडी. फटके मारणारा पोलीस शिपाई, साक्षीला त्याचा वरिष्ठ अधिकारी, आणि आईबापांची इच्छा असल्यास त्यांनाही तेथे उभे राहण्याची मुभा.

या शेवटच्या तरतुदीवर क्षणभर थांबायला हवे. आपल्या मुलाला सरकारी माणूस मारत असताना पाहण्याचा अधिकार कायद्याने बापाला दिला होता. हात अडवण्याचा दिला नव्हता.

१५.
१९०८ चा बालक कायदा या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. त्याने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये स्थापली आणि चौदा वर्षांखालील मुलांना तुरुंगात पाठवणे बंद केले. मात्र सुधारगृहे आणि औद्योगिक शाळा कायम राहिल्या. औद्योगिक शाळेत जाण्यासाठी मुलाने गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती. भीक मागणे, बेघर भटकणे किंवा वारंवार शाळा बुडवणे एवढेही पुरे होई. मूल वर्षानुवर्षे घरापासून दूर जाई, आणि त्याच्या खर्चाचा वाटा आईबापांकडून वसूल करण्याची तरतूदही कायद्यात होती.

दयेची भाषा बोलणारी ही व्यवस्था गरीब घराला मूल हिरावून घेणारी वाटे. 'तुला पाठवून देतील' ही धमकी त्या वस्त्यांत भुताच्या गोष्टीहून प्रभावी होती.

१६.
येथवर वाचून असे वाटेल की कामगार वस्ती माराच्या विरोधात होती. तसे मुळीच नव्हते. घरात बापाचा पट्टा खुंटीला टांगलेला असे आणि तो वापरला जाई. शिपायाने मारले, असे मुलाने घरी सांगितले तर अनेकदा घरी आणखी एक बसे. वृद्धपणी सांगितलेल्या आठवणींत हा अनुभव वारंवार येतो.

वस्तीचा प्रश्न मारावे की नाही, हा नव्हताच. मारण्याचा हक्क कुणाचा, हा होता. मूल आमचे, त्याला जेवू आम्ही घालतो, त्याच्या मजुरीवर घर चालते, तेव्हा त्याच्यावर हात उगारण्याचा अधिकारही आमचा. परक्याने तो वापरला तर त्याने कारण दाखवले पाहिजे आणि मर्यादा पाळली पाहिजे.

१७.
ही मर्यादा ओलांडली गेली की आया शाळेच्या फाटकावर येत. हातावरचे वळ दाखवून मास्तरांना भर वर्गात जाब विचारणाऱ्या आयांचे प्रसंग मौखिक इतिहासात विपुल आहेत. बाप कामावर असे, त्यामुळे हा संघर्ष बहुधा स्त्रियांनीच लढवला. मास्तर शिकलेला, चांगल्या कपड्यांतला, शुद्ध भाषा बोलणारा. त्याच्यासमोर ही बाई कामाचे फडके कमरेला तसेच ठेवून उभी राही.

गंमत अशी की १९११ च्या संपातही आया फाटकावर दिसतात, पण अनेकदा उलट कामासाठी. संपावर गेलेल्या पोराचा कान धरून त्याला वर्गात परत आणून बसवणारी आई त्या दिवसांतील नेहमीचे दृश्य होते. मास्तरांशी भांडणारी आणि मुलाला परत आणणारी ही बहुधा एकाच प्रकारची स्त्री होती. दोन्ही वेळी ती एकच गोष्ट सांगत होती: या मुलाचे काय करायचे, ते ठरवणारी मी आहे.

१८.
मुले मात्र आईबापांच्या एक पाऊल पुढे गेली. हक्क कुणाचा, या वादात न पडता त्यांनी छडीच नको, असे म्हटले.

हे म्हणण्याची रीत त्यांनी घरूनच उचलली होती. मुलांनी मिरवणुका काढल्या. शेजारच्या शाळांसमोर जाऊन घोषणा दिल्या आणि तेथील मुलांना बाहेर बोलावले. फाटकांवर पहारे बसवले. मागण्यांची यादी केली. हे सर्व त्यांनी त्या उन्हाळ्यात गोदीवर आणि रेल्वे स्थानकांवर पाहिले होते.

हा प्रकार पहिलाही नव्हता. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप यशस्वी झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, स्कॉटलंडच्या हॉइक गावापासून शाळकरी मुलांच्या संपांची अशीच एक लाट निघाली आणि ती लंडनपर्यंत पोहोचली होती. मोठ्यांचा संप आणि पाठोपाठ मुलांचा, ही जोडी दोनदा दिसते.

१९.
या कथेला गौरवगाथा करून टाकण्याचा मोह टाळायला हवा. संपकरी मुलांनी शाळांच्या काचा फोडल्या, रस्त्यावरचे दिवे फोडले. वर्गात जाणाऱ्या मुलांना त्यांनी 'संपफोडे' ठरवले आणि मारले. लिव्हरपूलमध्ये छडीविरुद्ध उठलेल्या मुलांनी अशा संपफोड्यांना छडीच दिली.

यात मुलांचा दुटप्पीपणा आहे, तसाच त्यांच्या शिक्षणाचा आरसाही आहे. न ऐकणाऱ्याला कसे वठणीवर आणायचे, याचा एकच धडा शाळा, चौकी आणि घर या तिन्ही ठिकाणी त्यांना मिळाला होता. सत्ता हाती आली तेव्हा त्यांनी तोच गिरवला.

२०.
संपाचा शेवट अपेक्षित होता. पोलीस शाळांच्या फाटकांवर उभे राहिले, हजेरी अधिकारी घरोघर फिरले. बहुतेक मुले एक-दोन दिवसांत परतली आणि परतल्यावर ज्या छडीविरुद्ध बाहेर पडली होती, तिचाच प्रसाद त्यांना मिळाला. काही ठिकाणी प्रकरणे दंडाधिकाऱ्यांपुढे गेली. कामगार संघटनांनीही या बालसंपाला आपला मानले नाही. पेनी मिळाली नाही, सुट्टी वाढली नाही.

तात्काळ यशाच्या मोजपट्टीने पाहिले तर १९११ चा संप पूर्णपणे फसला.

२१.
तीन वर्षांनी नॉरफॉक परगण्यातील बर्स्टन या खेड्यात घडलेली घटना मात्र या प्रश्नावर नवा प्रकाश टाकते. तेथील शाळेच्या मुख्याध्यापिका ॲनी हिग्डन आणि त्यांचे पती, सहशिक्षक टॉम हिग्डन, हे दांपत्य शेतमजुरांच्या बाजूचे. टॉम यांनी मजुरांना संघटित केले आणि १९१३ साली ग्रामसभेच्या निवडणुकीत गावच्या पाद्र्याचा पराभव झाला. शाळेच्या व्यवस्थापनावर वर्चस्व मात्र त्याच पाद्र्याचे होते. लवकरच शिक्षकांवर आरोप ठेवण्यात आले आणि दोघांनाही कामावरून काढले गेले. आरोपांपैकी एक, दोन मुलींना मारल्याचा होता. गावातील मजूर आईबापांनी तो खरा मानला नाही.

१ एप्रिल १९१४ रोजी ७२ पैकी ६६ मुलांनी शाळा सोडली. पुढाकार घेणारी व्हायोलेट पॉटर तेरा वर्षांची होती.

२२.
बर्स्टनमध्ये आया मुलांना कान धरून परत नेत नव्हत्या. त्या मुलांच्या बाजूने उभ्या होत्या. पालकांना दंड झाले आणि ते दंड वर्गणीतून भरले गेले. हिग्डन दांपत्याने प्रथम गावच्या हिरवळीवर आणि नंतर एका कार्यशाळेत शिकवणे चालू ठेवले. देशभरातील कामगार संघटनांच्या देणग्यांतून १९१७ साली नवी इमारत उभी राहिली. ही 'संपाची शाळा' टॉम यांच्या मृत्यूनंतर १९३९ साली बंद झाली. पंचवीस वर्षे चाललेला हा ब्रिटिश इतिहासातील सर्वांत दीर्घ संप मानला जातो.

ज्या वर्गाला शिस्त नको, अभ्यास नको, असे म्हटले जाई, त्याच वर्गातील आईबापांनी आपल्या पसंतीच्या शिक्षकांसाठी पाव शतक झळ सोसली. १९११ मधील रागाचा नेमका रोख कुठे होता, ते बर्स्टनवरून कळते. ज्या अधिकाराला जाब विचारता येत होता, तो या माणसांनी मनापासून मानला.

२३.
हा इतिहास उजेडात कसा आला, हेही सांगण्यासारखे आहे. डेव्ह मार्सन हा हलच्या गोदीत काम केलेला माणूस. पुढे तो ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात, म्हणजे कामगारांसाठीच्या महाविद्यालयात, शिकायला गेला. १९७३ साली त्याने या संपांवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८१ साली स्टीफन हंफ्रीज यांनी कामगार वर्गातील वृद्धांच्या मुलाखतींच्या आधारे 'हूलिगन्स ऑर रेबेल्स?' हे पुस्तक लिहिले. 'गुंड की बंडखोर?' हा त्यांचा प्रश्न त्या काळच्या अधिकृत कागदपत्रांनाच विचारलेला होता.

कारण ते कागद लिहिले कुणी? मुख्याध्यापकांनी, दंडाधिकाऱ्यांनी, पोलिसांनी. मार खाणाऱ्याने नोंदवही ठेवली नव्हती. अर्थात स्मृतीलाही स्वतःचे दोष असतात. 'आमच्या वेळी पोलिसाचा धाक होता' असे म्हणणारा आणि त्याच पोलिसाला चकवल्याचा किस्सा रंगवून सांगणारा वृद्ध अनेकदा एकच असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाक्ये लिहून घ्यायची असतात.

२४.
याच १९११ सालचा एक भारतीय धागा येथे जोडला पाहिजे. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांचे शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळावी, असे त्यात म्हटले होते. ज्या घराची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून कमी, त्याला फी माफ. या विधेयकाची प्रेरणा ज्या कायद्यांत होती, त्यांत इंग्लंडचा १८७० चा कायदाही होता. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी, लिव्हरपूलच्या मजुराचे मूल शाळेतून बाहेर पडत होते आणि पुण्याचा एक नेता मजुराच्या मुलासाठी शाळेचे दार उघडा, असे विनवत होता. वरवर पाहता या गोष्टी परस्परविरोधी वाटतात. पण गोखल्यांची मागणी शाळेच्या आत जाण्याची होती, आणि लिव्हरपूलच्या मुलांची, आत गेल्यावर तेथे माणसासारखे वागवले जाण्याची. दुसरी मागणी पहिलीच्या पुढची आहे.

२५.
ब्रिटनमध्ये न्यायालयाने दिलेली फटक्यांची शिक्षा १९४८ च्या कायद्याने गेली. सरकारी शाळांतील छडी बंद करणारा कायदा १९८६ साली झाला आणि १९८७ पासून अमलात आला. १९११ मध्ये दहा वर्षांचा असलेला संपकरी तोवर शहाऐंशी वर्षांचा झाला असता. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली.

म्हणजे बिगिन शाळेत फिरलेल्या त्या कागदामागची सर्वांत मोठी मागणी शेवटी मान्य झाली. ती मान्य करणाऱ्या सभागृहांत त्या मुलांपैकी कुणाचे नाव घेतले गेले नाही. पण छडीला आव्हान देणाऱ्यांची यादी करायची झाली, तर तीत शिक्षणतज्ज्ञ आणि खासदार यांच्याही आधी, हात पुढे करायला नकार देऊन रस्त्यावर उतरलेल्या त्या मुलांना जागा द्यावी लागेल.

(धागा समाप्त. आपल्या आजी-आजोबांना शाळेतल्या छडीविषयी एकदा अवश्य विचारा. ते काय सांगतात ते लिहून ठेवा, आणि सांगताना कुठे हसतात, तेही.)